शेवटच्या रांगेतलं झाड

मी लार्चचं झाड बोलतोय. आता झाड उरलेलो नाही, पण ते पुढे येईलच. त्याआधी तुमचे दोन्ही हात जरा पुढे करा. रिकामे आहेत? पाठीमागे काही लपवलेलं नाही ना? राग मानू नका. मी माणसाची ओळख हातांवरून करून घेतो. चेहऱ्याचं काय, तो कुऱ्हाड घासतानाही हसरा असतो.

जिथे जंगल थकतं आणि उघडा बर्फाळ माळ सुरू होतो, त्या हद्दीवर माझा जन्म झाला. दक्षिणेला माझे भाऊबंद उभे होते, आधी विरळ, मग दाट. उत्तरेला माझ्यापुढे कोणीच नव्हतं. थेट समुद्रापर्यंत नुसतं शेवाळ, डबकी आणि वारा. ऊन, ऊब, माती, सगळं माझ्यापर्यंत येताना उरलंसुरलं यायचं. शेवटच्या रांगेत बसणाऱ्याने तक्रार करायची नसते, पण वाढणाऱ्यावर नजर ठेवायला काय हरकत आहे? मी ठेवायचो.

आमच्याकडे बाळपण चाळीस वर्षांचं असतं. तेवढी वर्षं आम्ही जमिनीसरपट पडून काढतो. हिवाळ्यात बर्फाच्या पांघरुणाखाली जे राहतं ते वाचतं. पांघरुणाबाहेर ज्याने मान काढली त्याची मान वारा बर्फाच्या कणांनी किसून काढतो. माझ्या शेजारी माझ्याच वयाचं एक रोप होतं, उतावळं. एका मे महिन्यात चार दिवस ऊन पडलं आणि त्याने सगळ्या सुया उघडल्या. मी म्हटलं, हे ऊन कोणाच्या सांगण्यावरून आलंय ते आधी कळू दे. पाचव्या दिवशी गारठा परत आला आणि ते रोप काळं पडलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी न पोळताच फुंकायला शिकलो, म्हणून जगलो.

पुढे मान वर काढली, हळूहळू जाड झालो. दीडशे वर्षांनी माणसाच्या मांडीएवढा बुंधा झाला. तेव्हा एदेयको आला.

एदेयको नेनेत्स होता, रेनडिअरवाला. त्याचे लोक हिवाळा आमच्या आडोशाला काढतात आणि एप्रिलमध्ये कळप घेऊन उत्तरेला समुद्राकडे जातात, ते नोव्हेंबरात परततात. त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यावर ठकठक केलं आणि कान लावून ऐकलं. मग गुडघ्यावर बसून बुडाशी शेवाळ बाजूला केलं. माझं एक मूळ तिथून वाकून बाहेर आलं होतं. ते पाहून तो बायकोला म्हणाला, "बुंधा अजून बारीक आहे. पण मुळाचा वाक बघ, जणू बर्फावरच्या गाडीच्या घसरपट्टीसाठीच वाढलाय. राहू दे. नातवंडांच्या कामी येईल."

तुम्हाला वाटेल, जीव वाचला म्हणून मी आनंदलो असेन. मला तर फाशीची तारीख पुढे ढकलल्यासारखं वाटलं. त्यांच्यात लग्नाला नवी गाडी लागते. त्या दिवसापासून त्या घराण्यात कोणाचंही लग्न ठरलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

त्याची बायको सेव्ने. तिच्याशी मात्र माझं जमलं, कारण तीही कोणावर विश्वास ठेवायची नाही. चहाची पुडी आणली तर वास घेऊन बघायची, पाहुणा आला तर आधी त्याच्या बुटांकडे बघायची. नवऱ्याने आभाळ निरभ्र आहे म्हणून सांगितलं तर चूममधून, म्हणजे त्यांच्या कातडी तंबूतून, स्वतः बाहेर येऊन मान वर करायची. एदेयको हसून म्हणायचा, या बाईला स्वतःच्या सावलीचाही संशय आहे. ती म्हणायची, सावली संध्याकाळी लांब होते, दुपारी आखूड. अशा बाईचा भरवसा कसा धरायचा?

पण याच संशयी बाईच्या घरची एक रीत मला कधी कळली नाही. एप्रिलमध्ये निघताना ते हिवाळ्याचं सगळं सामान एका घसरगाडीवर बांधायचे. तंबूवरची जाड कातडी, केसाळ अंगरखे, लोखंडी चूल. ती गाडी माझ्या उजव्या अंगाला उभी करायचे आणि निघून जायचे. कुलूप नाही, राखण नाही. सात महिने! आणि कोणी हात लावायचं नाही. दुसऱ्याने ठेवलेल्या गाडीला शिवायचं नाही, तिच्यावरची दोरी सुटली असली तरी बांधायची नाही, असा त्यांचा कायदा आहे. मी चाळीस उन्हाळे त्या गाडीवर डोळा ठेवला. कोल्ह्यावर संशय घेतला, अस्वलावर घेतला, वाटेने जाणाऱ्या प्रत्येक माणसावर घेतला. एक बटण हललं नाही. मला वाईटच वाटायचं. एवढा जागता पहारा आणि पकडायला कोणी नाही.

एदेयको म्हातारा होऊन गेला. त्याला पुरलं ते दूर उत्तरेला. ज्या गाडीवरून त्याला नेलं ती थडग्याशी उलटी करून ठेवली, घसरपट्ट्या आभाळाकडे. मेलेल्यांची गाडी अशीच ठेवतात. जिवंत माणसाची गाडी चुकूनही कोणी उलटी करत नाही, पोरांना खेळातसुद्धा करू देत नाहीत. एदेयकोच्या म्होरक्या रेनडिअरच्या गळ्यातली घंटा सेव्ने घेऊन आली आणि माझ्या एका तुटक्या फांदीच्या खुंटाला टांगून गेली. घंटेची जीभ केव्हाच गळून पडली होती. पण वारा आला की ती माझ्या बुंध्यावर आपटायची, ठण्ण. नोव्हेंबरात परत येताना सेव्ने लांबून तो आवाज ऐकायची आणि मग म्हणायची, पोचलो.

घर आता त्यांचा मुलगा पुदाको चालवायचा. मनाने चांगला, पण तापट, आणि मोठेपणा सांगायची हौस. त्याची बायको लवकर गेली. एक मुलगी, तोन्या. शिकायला वसतिगृहात होती, शिकून परत कळपाकडे आली. हातात सुई धरली की टाका दिसायचा नाही असं तिचं शिवण. तिचं लग्न ठरलं इल्कोच्या मुलाशी, गेनाशी. इल्कोचा तळ नदीपलीकडे. दोन्ही घरं दरवर्षी माझ्याजवळूनच जायची.

लग्न ठरलं म्हटल्यावर मी सावध झालो. पुदाको माझ्या बुडाशी दोनदा वाकून बघून गेला होता.

निघायच्या दिवशी इल्को चहाला आला होता. पुदाको गाडीवर गाठी मारत होता. इल्को म्हणाला, "तुझ्या बापाची गाडी झाडाला न टेकता उभी राहायची. तुझीला झाडाची काठी लागते होय रे?" सगळे हसले. पुदाकोही हसला, पण गाठ त्याने जरा जास्तच आवळली. ते मी पाहिलं. व्याह्याची थट्टा मुरते कुठे, ते मला चांगलं माहीत आहे.

आता मी तुम्हाला तो उन्हाळा सांगतो. तो माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नाही. ते लोक उन्हाळ्यात इथे नसतातच. या जागेची त्यांची ओळख सगळी बर्फातली, जमीन दगडासारखी कडक असतानाची.

त्याच्या तीन वर्षं आधी, मार्चमध्ये, पाइपलाइन टाकणारे लोक साखळपट्ट्यांचे ट्रॅक्टर घेऊन आले होते. त्यांनी पुदाकोच्या तंबूत चहा घेतला आणि नदीकडे जायची वाट विचारली. पुदाको छाती काढून म्हणाला की या मुलखात विचारायचं तर मलाच. एकटं झाड दिसेल, माझी गाडी दिसेल, त्यांच्या उजवीकडून बिनधास्त जा. झाड उभं आहे म्हणजे जमीन पक्कीच. हिवाळ्यात विचारलेल्या प्रश्नाला त्याने हिवाळ्याचं उत्तर दिलं. ट्रॅक्टरवाल्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि वहीला ऋतू नसतो. ते पुन्हा आले जुलैमध्ये.

आमची जमीन म्हणजे वर वीतभर शेवाळ आणि खाली कायमचं गोठलेलं. शेवाळ हेच तिचं पांघरूण. ट्रॅक्टरच्या पट्ट्यांनी ते पांघरूण सोलून काढलं, माझ्यापासून सहा पावलांवर, लांबच लांब दोन चर. मी रात्रंदिवस त्या माणसांवर डोळा ठेवला होता. त्यांच्याकडे कुऱ्हाड नव्हती, म्हणून मी निर्धास्त झालो. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक तीच. दोनशे वर्षं हातांवर नजर ठेवली आणि चाकांकडे बघायचं राहिलं.

पहिल्या वर्षी चरात पाणी साचलं. दुसऱ्या वर्षी त्या पाण्याने उन्हाची ऊब खाली नेली आणि खालचा बर्फ पाझरायला लागला. माझ्या मुळांना काहीतरी मऊ लागत होतं. मी सशांवर संशय घेतला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे इल्कोच्या थट्टेच्या वर्षी, ऑगस्टमध्ये चराकडची जमीन बसली. गाडीची एक घसरपट्टी खाली गेली, गाडी कलली, दोन दिवस तशीच राहिली आणि तिसऱ्या दिवशी सामानाच्या भाराने सावकाश उलटली. घसरपट्ट्या आभाळाकडे. माझाही तोल गेला होता, पण मी ते स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हतो. वाकलो नाहीये, असंच उभं राहायची माझी पद्धत आहे, असं म्हणत होतो. ऑक्टोबरात बर्फ पडला. चर झाकले, खड्डा झाकला, सगळं गुळगुळीत पांढरं झालं. वर राहिली ती उलटलेली गाडी.

आधी इल्कोचा तळ आला. त्याने गाडी पाहिली आणि जागच्या जागी थबकला. टोपी मागे केली. बराच वेळ उभा राहिला. गाडीला हात लावला नाही, आणि पुढे गेला.

तीन दिवसांनी पुदाको आला.

त्याने गाडी पाहिली आणि तिच्यापासून वीस पावलांवर इल्कोच्या गाड्यांचे माग पाहिले. दुसरा माग नव्हताच. तो पुढे झाला. सेव्नेला तो उलटा सांगाडा दिसू नये म्हणून मधे जाऊन उभा राहिला. पण ती काही आंधळी नव्हती. गाडीवर तिचंच सामान होतं, तिचाच अंगरखा बर्फात तोंड खाली करून पडला होता. आणि गेल्या हिवाळ्यापासून तिला खोकला होता. ती गाडीकडे बघून एवढंच म्हणाली, "घंटा का वाजली नाही?"

पुदाको म्हणाला, "आये, घंटा तिथेच आहे. तुझे कान गेलेत."

"माझे कान कुठे जातात? जातील तर मला सांगून जातील," ती म्हणाली आणि तंबू उभारायला लागली.

दुसऱ्या दिवशी इल्को आला, बरोबर गेना. लग्नाचा दिवस नक्की करायचा होता. तो आत शिरताना टोपी हातात घेऊन, खाली मान घालून शिरला. समोर सेव्ने चुलीशी बसलेली. तिला पाहून इल्को असा दचकला की त्याचं डोकं तंबूच्या वाशावर आपटलं. चेहरा पांढरा पडला. 

मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. खरं सांगतो, मलासुद्धा इल्कोचा संशय आला. गाडी कशी उलटली ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी आला. म्हातारी जिवंत दिसली म्हणून माणूस घाबरतो म्हणजे काय? संशयाचं असंच असतं. त्याला पुरावा दाखवला तरी तो पुराव्याच्या मागे काय आहे ते बघायला जातो.

पुदाकोला तर तेवढंच हवं होतं. त्याने इल्कोला चहा दिला नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही चहा मिळतो. कप पालथा ठेवून तो म्हणाला, "कशाला दचकलास? माझी आई एवढ्यात गेली असेल असं वाटलं होतं ना तुला?"

 जिवंत माणसासमोर त्याच्या मरणाचं नाव काढायचं नसतं. इल्को गप्प राहिला, आणि गप्प राहणाऱ्याला बोलणाऱ्यापेक्षा जास्त गुन्हे चिकटतात.

"झाडाची काठी लागते म्हणालास," पुदाको म्हणाला. "काठी काढून बघितलीस ना? लग्न होणार नाही. आणि परवा सकाळी येऊन नाकावर सुरी ठेव."

नाक म्हणजे अस्वलाचं वाळवलेलं नाक. ज्याच्यावर आळ आला त्याने त्यावर सुरी चालवायची आणि म्हणायचं, मी केलं असेल तर अस्वलाने मला असंच फाडावं. खोटी शपथ घेणारा वर्षभर जगत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण निष्पाप माणसाला शपथ घ्यायला लावणाराही सुटत नाही, अस्वल त्याच्याकडे वळतं, हेही ठाऊक. आणि शपथ झालेल्या दोन घरांत पुन्हा कधी मुलगी देत-घेत नाहीत. इल्को उठला, येतो म्हणाला. गेनाने तोन्याकडे एकदा पाहिलं आणि बापामागून गेला.

तोन्या गेनासाठी केसाळ बूट शिवत होती. एक झाला होता, दुसरा अर्धा. बाप तिला म्हणाला की उसव ते. तिने दोऱ्याला गाठ मारली, पुढचा टाका घातला आणि सांगितलं, "मी उसवणार नाही. तुम्हाला हवं ते तुम्ही करा, बाबा. गाडी मी उलटवलेली नाही, त्यानेही नाही."

"तुला काय माहीत?"

"तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली. पुदाको उठून कळपाकडे निघून गेला.

शपथेच्या सकाळी उत्तरेचा वारा सुटला. चांगला सणसणीत. सेव्ने तंबूच्या दाराशी येऊन उभी राहिली. पुदाको देवांचं सामान ठेवायच्या पवित्र गाडीवरून अस्वलाचं नाक काढून आणत होता. इल्को आणि गेना येऊन पोचले होते, बर्फात उभे होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आणि सेव्ने माझ्याकडे बघत होती, कान देऊन. एवढा वारा, आणि घंटा मुकी.

ती आत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली.

माझी काय अवस्था झाली ते विचारू नका. चाळीस वर्षं जिच्यावर थोडा का होईना विश्वास टाकला होता, तीच. मी मनात म्हटलं, बघ, शेवटी हीच निघाली. ती खोकत खोकत माझ्यापाशी आली. घंटेकडे बघितलं. घंटा खुंटाला लटकत होती, वाऱ्याने हलत होती, पण माझ्या अंगापर्यंत पोचत नव्हती. मधे चार बोटांचं अंतर पडलं होतं. तिने घंटेवर बोट ठेवलं, ती बुंध्याला लावली, सोडून दिली. घंटा परत दूर गेली. मग ती मागे सरकली आणि मला बुडापासून शेंड्यापर्यंत असं न्याहाळलं की आयुष्यात कोणी न्याहाळलं नव्हतं.

"थांबा," तिने हाक मारली. इल्कोने सुरी काढली होती. "सुरी आत ठेव, इल्को. पुदाको, इकडे ये. हे झाड कोणी वाकवलं?"

पुदाको म्हणाला की आये, ही झाडाची वेळ नाही.

"विचारते त्याचं उत्तर दे. गाडी इल्कोने उलटवली, कबूल. झाडही त्यानेच वाकवलं? एवढी ताकद असती तर आजवर स्वतःचे वासे स्वतः उचलले असते त्याने."

मग तिने कुऱ्हाड उचलली. माझ्यावर नाही. माझ्या उजवीकडच्या बर्फावर. कडक थर फोडला, आणि तोन्या पळत येऊन फावड्याने बर्फ उपसायला लागली. गेना तिच्या शेजारी वाकला. कोणी त्याला नको म्हटलं नाही. कंबरभर उपसल्यावर शेवाळाची फाटकी कड दिसली. मग चर. मग जमिनीत गेलेला खड्डा, त्याच्या तळाशी गोठलेलं पाणी, आणि काठच्या कडक झालेल्या चिखलात गाडीच्या घसरपट्टीचा ठसा.

सगळे खाली बघत राहिले. ही जमीन अशी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"उन्हाळ्यात इथे कोण असतं?" सेव्नेने विचारलं.

"कोणी नाही," पुदाको म्हणाला.

"मग उन्हाळ्यात जमीन कशी असते ते आपल्याला कोणी सांगितलं? आणि या लोखंडवाल्यांना इथली वाट कोणी सांगितली?"

पुदाकोच्या हातात अस्वलाचं नाक होतं. ते त्याने हळूच अंगरख्यात घातलं, जसं पोर चोरलेली वस्तू लपवतं. तोंडावर रक्त चढलं होतं. तो म्हणाला, "मी. म्हणालो होतो, झाड उभं आहे म्हणजे जमीन पक्की." आणि मग इल्कोकडे न बघता, "मीच उलटवली गाडी. आईची गाडी मीच उलटवली."

इल्कोने सुरी म्यानात घातली. आता रीत बाजूला ठेवून बोलणं भागच होतं. तो सेव्नेला म्हणाला, "काकू, गाडी उलटी दिसली तेव्हा मला वाटलं, तुम्ही गेलात. वाटलं, यांनी रीतीने उलटी केलीय. तीन दिवस मी तुमच्यासाठी रडलो. मग आत आलो तर तुम्ही चुलीशी बसून मासा खाताय."

सेव्नेला हसू आलं आणि हसण्यातून खोकला आला. म्हणाली, "रडलास ते वाया नाही जायचं. पुढच्या वेळेला कमी रड."

"आणि झाडाची काठी लागते म्हणालो होतो," इल्को पुदाकोला म्हणाला. "चुकलो. झाडालाच काठी हवी होती. चल, चहा टाक. गार पडलोय मी."

पुदाकोने चहा स्वतः ओतला. पालथा ठेवलेला तो कप त्याने आधी अंगरख्याच्या बाहीने पुसला, दोनदा पुसला.

एवढं सगळं झाल्यावर कोणीतरी माझ्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करेल, असं एखाद्या भोळ्या झाडाला वाटलं असतं. मला वाटलं नाही. चहा संपल्यावर दोघे व्याही माझ्याकडेच आले, आणि या वेळी कुऱ्हाड एकच होती पण हात चार होते. इल्को म्हणाला की येत्या उन्हाळ्यात हे पडणारच. पडून कुजण्यापेक्षा घ्यावं.  माझं एक मूळ कलण्यामुळे जमिनीवर आलं होतं. त्याचा तो वाक, जो चाळीस वर्षांपूर्वी एदेयकोने शेवाळ सारून पाहिला होता, आता सगळ्यांसमोर उघडा होता.

सेव्नेने घंटा काढून घेतली. मग हातमोजा काढला आणि उघडा तळवा माझ्या सालीवर ठेवला. थंडी अशी होती की कातडी चिकटावी. ती म्हणाली, "त्याने सांगितलं होतं, नातवंडांच्या कामी येशील. घाबरू नको."

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? पहिला घाव बसेपर्यंत मी वाट बघत होतो की यात काहीतरी डाव असेल, ऐन वेळी काही बदलेल. बदललं नाही. मला शेवटपर्यंत त्या बाईचा हात आठवत होता, कारण तो रिकामा होता.

आता मी तोन्याच्या गाडीची उजवी घसरपट्टी आहे. डावीही माझीच, पण उजवीला मुळाचा वाक आहे, म्हणून बोलायचा मान तिचा. दोन्ही पट्ट्या दोन बापांनी मिळून तासल्या, आणि तासताना एवढे भांडले की मला वाटलं लग्न पुन्हा मोडतंय. लग्न झालं. गेनाच्या पायात दोन्ही बूट होते. गाडीच्या कडेला सेव्नेने घंटा बांधली. ती अजूनही माझ्याच अंगावर आपटते, ठण्ण.

एप्रिलमध्ये आम्ही निघालो, या वेळी दोन्ही तळ एकत्र. हिवाळ्याच्या सामानाची गाडी सेव्नेने या वेळी खडकाच्या धारेवर ठेवायला लावली आणि खडकालाही दोन लाथा मारून बघितल्या. मग माझ्या उरलेल्या बुडख्याजवळून पुढे, उत्तरेला. माझ्या कुळातलं कोणी जिथे कधी गेलं नाही, तिकडे. दोनशे वर्षं ज्या मोकळ्या माळाकडे मी संशयाने बघत उभा होतो, त्याच्यावरून मी घसरत गेलो. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

जूनच्या शेवटी, समुद्राच्या अलीकडे, तोन्याने एकाएकी रेनडिअर आवरले. गाडी थांबली. माझ्या नाकासमोरच शेवाळात एक लार्चचं रोप होतं. बोटाएवढं, आडवं पडलेलं, सहा-सात मऊ सुया. तिथे, जिथे माझ्या आजोबांच्या आजोबांनीही बी टाकायची हिंमत केली नव्हती.

सगळे भोवती जमले. इल्को म्हणाला, "हे कोणी आणून लावलं? पुदाको, तुझंच काम."

पुदाको हसला नाही, चिडलाही नाही. तो गुडघ्यावर बसला, हातमोजा काढला आणि रोपाशेजारी तळवा जमिनीवर दाबून धरला. बराच वेळ धरला. मग आईकडे बघून म्हणाला, "आये, इथेही खालून गरम लागतंय."

 तोन्याने लगाम ओढला आणि गाडी रोपाला वळसा घालून नेली.

वंश वाढला म्हणून मी आनंदायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुम्हाला आता माहीत झाला आहे. जाता जाता मी त्या रोपाला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पोरा, ही ऊब कुठून आली ते कळेपर्यंत मान वर काढू नकोस. आणि हातांवर नजर ठेवशील तेव्हा पायाखालीही ठेव. त्याने ऐकलं की नाही कोणास ठाऊक. लहान होतं, आणि ऊन छान पडलं होतं.